वैजयंतीसाठी पाट

“आई, वैजयंती आता परत कधी येणार?”

हे माझ्या मुलीने सोमवारी विचारलं. त्यानंतर शुक्रवारपर्यंत मला धड झोप नव्हती.

कारण वैजयंती म्हणजे मीच.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “लहान पोरं काय वाटेल ते विचारतात,” आणि कूस बदलून झोपला. लहान पोरं काय वाटेल ते विचारतात, हे मलाही ठाऊक आहे. मी डी.एड. आहे. बालमानसशास्त्रात मला एकाहत्तर मार्क होते. ते कुठे गेले कोण जाणे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मिरूचं बोट धरलं आणि तबीथाबाईंकडे गेले.

तबीथाबाईंनी चाळीस वर्षं खेड्यापाड्यांत फिरून बायकांना शास्त्र शिकवलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत अशा बायकांना बायबलबाई म्हणत. आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. मिशन कंपाउंडात, चर्चच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात. आठ वर्षांपूर्वी बाप्तिस्म्याआधी मला तीन महिने त्यांनीच शिकवलं होतं. लग्न करून मी या मंडळीत आले, पण बाप्तिस्मा कुणी घ्यायला लावला नव्हता. माझा मीच घेतला. तेव्हा वैजयंतीची प्रिस्का झाले. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले होते, “नाव चांगलं आहे तुमचं, राहू द्या.” पण मलाच हौस. सगळं बदलायचं तर नाव कशाला मागे ठेवा?

बाई ओट्यावर पोतं अंथरून चिंचा फोडत होत्या. फरशीच्या तुकड्यावर चिंच, वरून लहानशी हातोडी.

“सलाम, बाई.”

“सलाम. बस. हात रिकामे असले तर चिंचोके काढ.”

मिरूला टोपली दिली. समोरच्या झाडाखालच्या चिंचा वेचायला ती गेली. ती दिसेल अशी मी बसले.

खरा प्रश्न तोंडातून निघेना. मग खोटा काढला.

“रविवारी भगिनी मंडळात माझी साक्ष आहे, बाई. जरा ऐकता का? काही कमीजास्त असलं तर...”

“कितव्यांदा?”

“चौथ्यांदा.”

“तीच?”

“लोकांना आवडते,” मी म्हणाले. ते खरंही होतं. आपण आधी कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं बदललं, हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, ती साक्ष. बऱ्याच जणी चाचरतात, मध्येच रडतात. मी चाचरत नाही. शेजारच्या तालुक्यातूनही मला बोलावणं आलं होतं.

बाईंनी हातोडीनेच खूण केली. मी सुरू केलं.

वैजयंती कशी होती. तिचा राग. भावजयीच्या अंगावर तिने भरलं ताट भिरकावलं, वरण भिंतीवरून ओघळत होतं, ते. धाकट्या भावाला तिने कोंडून ठेवलं, ते. मग तीन महिन्यांचं शिक्षण, मग बाप्तिस्म्याचा तो रविवार.

“...आणि त्या दिवशी वैजयंती चर्चमागच्या हौदात बुडून मेली. पाण्यातून वर आली ती प्रिस्का.”

मी थांबले.

“इथे लोक हालेलुया म्हणतात,” मी सांगितलं.

बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी एक चिंच फोडली. मग दुसरी.

“मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “एक जण आत गेली, एक जण बाहेर आली. बुडालेली मला दिसली नाही बाई. नजर चांगली होती तेव्हा.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“पोरगी हौदाकडे का जात नाही?”

“अं?”

“हौदापाशी चिंचांचा सडा पडलाय. ही तिथल्या दगडापर्यंत जाते नि माघारी येते. तीनदा बघितलं मी.”

...

“तिला वाटतं, तिथे वैजयंती आहे.”

“साक्ष ऐकून?”

“हो. लहान आहे हो. तिला काय कळतंय...”

“तू तर मेली म्हणतेस. मेलेलीला कशाला भिईल ती? परत येणारीला भिते.”

हातातला चिंचोका मी उगाच पुसत बसले. चिकट होता. पुसला जाईना.

“मागच्या महिन्यात,” मी म्हणाले, “तिचा अभ्यास घेत होते. पाचचा आकडा उलटा काढत होती. सहा वेळा सांगितलं. सातव्यांदाही उलटाच. हातात फुटपट्टी होती. लाकडी.”

“किती?”

“मोजले नाहीत. पोटरीवर वळ उठले... ती विचारायला लागली, आई, का मारलंस? तू का मारलंस? मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बाळा, ती मी नव्हते. ती वैजयंती होती.”

हातोडी वर होती. ती तशीच राहिली.

“एकदाच म्हणालीस?”

“...नाही.”

झाडाखाली मिरू टोपलीतल्या चिंचा पुन्हा ओतून पुन्हा भरत होती. तिथून तिला ऐकू येत नव्हतं. निदान मला तसं वाटून घ्यायचं होतं.

“पण बाई, तुम्हीच शिकवलंत,” मी म्हणाले. माझा आवाज चढला. पेपरात मार्क कमी पडले की चढायचा, तसा. “आपल्यातलं जुनं माणूस आणि नवं माणूस. जुनं मधूनमधून डोकं वर काढतं, हे तुम्हीच सांगितलंत. याच ओट्यावर. माझ्या वहीत आहे.”

“शिकवलं. खरं आहे.”

“मग मी खोटं काय बोलले?”

बाईंनी हातोडी खाली ठेवली.

मला राग आला. आणि राग आल्यावर जे सांगायचं नव्हतं ते सांगून टाकलं.

“आता ती मलाच येऊन सांगते. परवासुद्धा. माझा हात उठला होता... नंतर पाच-दहा मिनिटांनी आली, माझ्या कुशीत शिरली आणि म्हणाली, आई, आज वैजयंती आली होती. हे बघ, इथे मारलं.”

“मग तू काय केलंस?”

“फुंकर घातली.”

...

“खोबरेल लावलं,” मी म्हणाले.

बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मी असं तोंड करून वर्गातल्या मुलांकडे बघते तेव्हा ती रडतात. मी रडले नाही. मला वाटत होतं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मिर्याम,” त्यांनी हाक मारली. “अगं मिरे, ये इकडे. किती जमल्या?”

मिरू टोपली घेऊन आली. “खूप. पण काही किडक्या आहेत, आज्जी.”

“असू दे. एक सांग मला. ही वैजयंती दिसते कशी?”

मिरूने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“आईसारखी,” ती म्हणाली. “पण तिला ओठ नसतात.”

मी नकळत ओठांना हात लावला.

“आणि येते कुठून?”

“कधी स्वयंपाकघरातून. कधी नुसती येते.”

“बरं. आत कोपऱ्यात पाट आहे, तो आण. आणि हे बघ, चहा ठेवलाय मंद गॅसवर, त्याला हात लावायचा नाही. तो तुझी आई आणील.”

मी चहा आणला. मिरूने पाट आणला, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. बाईंनी तो आपल्यासमोर मांडायला लावला. मग म्हणाल्या, “चार कप कर.”

“चार? चौथा कुणाला?”

“वैजयंतीला. मला भेटायचंय तिला. आठ वर्षं नुसतं नाव ऐकतेय.”

चौथा कप त्यांनी पाटासमोर ठेवला. वर बशी झाकली नाही.

“हं. येऊ दे आता.”

मिरू हळूहळू मागे सरकली. मागे सरकत सरकत माझ्या पाठीशी आली आणि माझा पदर तिने मुठीत धरला. घट्ट. तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

माझ्यापासून वाचायला ती माझ्याच मागे लपली होती.

“बाई, पुरे,” मी म्हणाले. “ती भितेय.”

“दिसतंय मला.”

“मग थांबवा ना हे.”

“मी काय थांबवू? माझ्या ओळखीची नाही ती. तुझ्या ओळखीची आहे. तू बोलाव.”

...

ऊन ओट्याच्या कडेवरून खाली उतरलं. कुणीतरी कंपाउंडचं फाटक उघडून बंद केलं. त्या आवाजाने मिरू दचकली. पाटावर कुणी नव्हतं. कपातल्या चहावर साय धरायला लागली होती.

मी मनातल्या मनात प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द येत होते, पण सगळे साक्षीतलेच. पाठ असलेले. त्यातला एकही मला तिथून उठवू शकत नव्हता.

पाट माझ्यापासून दोन हातांवर होता. उठायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही.

मिरूची मूठ सोडवली. एकेक बोट.

उठले. पाटावर जाऊन बसले.

“आई!” मिरू ओरडली. “तिथे नको बसू. ती तिची जागा आहे!”

मी कप उचलला. चहा गार झाला होता. एक घोट घेतला, आणि मग दुसरा घेता येईना.

“मिरू,” मी म्हणाले.

माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्यात वळण नव्हतं. थांबायची ठरलेली जागा नव्हती.

“वैजयंती कुणी नाही. हौदात कुणी नाही. मीच मारलं. पाच उलटा काढलास म्हणून फुटपट्टीने मारलं, ते मी. परवा मारलं, तेही मी. दर वेळी... मीच होते. आणि मी तुला खोटं सांगितलं.”

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. नीट, एका जागी उभी राहून. मला कळलं, ती माझे ओठ बघतेय.

चूक झाली, माफ कर, असं म्हणायचं होतं. तोंडात आलं नाही. इतकी वर्षं देवाजवळ रोज सकाळी म्हणत आले. देव सहा वर्षांचा नसतो. तो असा बघत नाही.

बाईंनी पुन्हा हातोडी घेतली होती. ठक. चिंच फुटली.

“बाई,” मी म्हणाले, “म्हणजे मी बदललेच नाही का? आठ वर्षं... प्रार्थना, उपास, सगळं. ती प्रिस्का कुठे आहे मग?”

ठक.

“चहा गार झाला असेल तुझा,” बाई म्हणाल्या.

“बाई, मी काय विचारतेय?”

“ऐकतेय मी.”

...

“रविवारी मी उभी राहून काय सांगू?”

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. हातोडीच्या दांड्याने मिरूकडे खूण केली.

“तिला विचार.”

मी मिरूकडे वळले. विचारायला शब्द जुळवत होते. खरं सांगायचं तर तेव्हाही मला वाटत होतं, आता ती धावत येईल, गळ्यात पडेल, आणि हे सगळं संपेल. असं संपलं तर किती छान सांगता येईल, असंही एका कोपऱ्यात वाटून गेलं. मी अशी आहे.

ती आली नाही. टोपलीच्या पलीकडे उभी राहिली. मग टोपलीतली एक चिंच उचलली, परत ठेवली, आणि विचारलं,

“मग आता तू मारलंस की मी कुणाला सांगायचं?”