खजिन्याच्या कोटाआडची वाट

एका राज्यात हत्ती दिसत नसत. होते पुष्कळ, पण शूरवर्मा राजाच्या आजोबांनी शत्रूला चकवण्यासाठी वज्रनाभ मांत्रिकाकडून आपले गजदळ अदृश्य करून घेतले, आणि ते पुन्हा दिसते कसे करायचे हे विचारायचे राहून गेले. राजेच ते, विचारायची सवय नव्हती. हत्ती रानात शिरले, वाढले, पिकांत येऊ लागले. भिंत पडली की लोकांना कळे. मग ढोल वाजत, आणि बिथरलेला कळप पुढच्या गावात माणसे तुडवी.

एकदा शिकारीत पाने हलली म्हणून राजाने भाला फेकला. भाला पानांत शिरताच दिसेनासा झाला आणि पुन्हा सापडला नाही. दुसऱ्याच दिवशी राजकन्या वेत्रवतीची दाई सुभगा ओढ्यावर तुडवली गेली. राजाने रानभर खड्डे खणून सूळ रोवायला सांगितले.

राजकन्येचे रडून डोळे सुजले होते. तरी ती म्हणाली, "तात, खड्ड्यांत आधी गुराखी पडतील. पौर्णिमेपर्यंत थांबा."

"थांबतो. नंतर सूळ."

राजकन्या वज्रनाभाकडे गेली. तो अजून जिवंत होता, ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. "तीन कामे कर," तो म्हणाला. "हत्तींची वाट शोध. त्या वाटेवर लोकांना गप्प ठेव. वाटेत आडवे असेल ते दूर कर. हत्ती आपल्या तळ्यावर पोचले की मंत्र सुटेल."

वाट रानातल्या एका बगळीला ठाऊक होती. "दिसत नसले तरी त्यांना पाठ आहे," ती म्हणाली. "आम्ही बगळे रोज तिच्यावर बसतो. मात्र मी बसेन तिथे भाला येता कामा नये."

"येणार नाही," राजकन्या म्हणाली.

त्या दिवसापासून हवेत बसलेली बगळी संथपणे सरकताना दिसू लागली. टेकड्यांवरचे पहारेकरी तिला पाहून पिवळे निशाण उभारत, आणि पुढचे गाव मुलेगुरे आत घेई. दुसरे काम अवघड होते. एका पाटलाला ढोल न वाजवणे जमेना.

"नुसतं बसायचं? मग राखण केली असं म्हणायचं कसं?"

"पाटील, ढोलावरच बसा," राजकन्या म्हणाली.

पाटील बसले. कळप बांधावरून शांतपणे निघून गेला.

बगळी रोज खजिन्याच्या कोटापाशी थांबे, मग शेतांकडे वळे. कोटापलीकडे तळे होते.

"आत सोने आहे," राजा म्हणाला.

"सोने हलवता येते, तात. तळे नाही."

राजाने सोने हलवले. मग त्याने कोट पाडवला.

पौर्णिमेच्या दुपारी कळप पाण्यात उतरला आणि एकेक हत्ती दिसू लागला. शेवटी म्हातारी हत्तीण आली. तिच्या खांद्यात रुतून तिच्यासारखाच अदृश्य झालेला भाला आता दिसत होता, त्यावर राजाची मुद्रा होती.

राजाने भाला ओळखला. "सुभगेला मीच मारले," तो म्हणाला. राजकन्येने त्याचा हात धरला.

मग तो पाण्यात गेला आणि भाला उपसून काढला. हत्तीण हलली नाही.

खड्डे खणले गेले नाहीत, कोट पुन्हा उभा राहिला नाही. त्या राज्यात हत्ती आता लांबून दिसतात. तरी निशाण उभारतातच, आणि पाटील जाऊन ढोलावर बसतात.