घड्याळात न आलेले दोन किलोमीटर

“मग मी पोहलो कशावरून, नाना?”

गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस अगदी रडकुंडीला आला होता. निनाद क्षेमकल्याणी, वय त्रेचाळीस, नाशिकातला दातांचा डॉक्टर. अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख, ओठ जांभळे, आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर.

घड्याळात शून्य होतं.

सखाहरी नाना काठावरच्या दगडावर बसले होते, मांडीवर तेलाचा रिकामा डबा. वय बहात्तर. सगळा जन्म मासेमारीत गेला, आणि धरणाच्या या फुगवट्यात निम्म्या पंचक्रोशीला त्यांनी पोहायला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी हा डॉक्टर आला तेव्हा पाण्यात तोंड बुडवायलाही घाबरायचा. म्हणूनच की काय, नानांचा त्याच्यावर जरा जास्तच जीव होता.

जानेवारीतला रविवार. पारा पाच अंशांवर, आणि धुकं असं की चार हातांवरचं पाणी दिसू नये. अशा सकाळी शहाणी माणसं गोधडी सोडत नाहीत. ट्रायॲथलॉनवाले आधी पोहतात, मग सायकल हाणतात, मग पळत सुटतात, आणि वर सांगतात की सुट्टी मजेत गेली.

झालं होतं ते एवढंच. त्या घड्याळाचं बटण दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की ते जागं होतं, दुसऱ्यांदा दाबलं की मोजायला लागतं. डॉक्टरनं गारठलेल्या बोटानं एकदाच दाबलं आणि पाण्यात झेप घेतली. पलीकडच्या काठाला हात लावून तो परत आला. जाऊन येऊन दोन किलोमीटर. दिशा चुकू नये म्हणून नाना काठावर डबा वाजवत होते. धुक्यात मासेमार वाजवतात तसा. तीन ठोके, जरा थांबायचं, पुन्हा तीन.

“मी परत उतरतो,” डॉक्टर म्हणाला.

“आधी ओठ बघ तुझे.”

“नाना, स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. गेल्या वर्षी समुद्रात माझा धीर सुटला. बचावाच्या बोटीनं उचलून आणलं मला, बायकोपोरांसमोर. आज पहिल्यांदा एवढं पाणी कापलं... आणि त्याची कुठं खूणसुद्धा नाही.”

“मी होतो की हितं.”

“तुम्हाला दिसलो मी?”

“न्हाई दिसलास.”

“बघा! पुण्याचा कोच आकड्याशिवाय काही मानत नाही. त्याचं सोडा... माझाच विश्वास बसत नाही. वर पांढरं, खाली काळं. मधे तर वाटलं, मी जागच्या जागीच हात मारतोय.”

नानांनी डबा खाली ठेवला.

“आता परत गेलास तर निम्म्यात हातपाय आखडतील. काढायला आज होडी पण न्हाई.”

“आखडू देत.”

नाना दगडावरून उठले.

“घड्याळ दे इकडं.”

म्हाताऱ्यानं ऐकलं, असं डॉक्टरला वाटलं. त्यानं घड्याळ काढून दिलं.

“चालू कसं करायचं?”

“एकदा दाबायचं. हं. आता परत.”

नानांनी परत दाबलं. घड्याळ टुंग वाजलं. ते त्यांनी आपल्या मनगटाला बांधलं, कानटोपी काढली, स्वेटर काढला, धोतर सोडून घडी करून दगडावर ठेवलं, आणि लंगोटावर सरळ पाण्यात चालू लागले.

“नाना! कुठं निघालात?”

“तुझे दोन किलोमीटर आणतो.”

“पोहणार तुम्ही, मग ते माझे कसे?”

“घड्याळ तुझंच हाय ना?”

“अहो, पण ते खोटं होईल!”

“आकडा तर खरा येईल.”

एवढं बोलून त्यांनी अंग पाण्यात सोडलं. धुक्यानं त्यांना गिळलं. चार हात मारल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

“नाना!”

...

“नाना, ओ द्या!”

डॉक्टरनं डबा उचलला आणि तळव्यानं बडवायला सुरुवात केली. तीन ठोके. थांबायचं. तीन ठोके. दहिवरानं बर्फ झालेला पत्रा तळव्याला झोंबत होता. पाचसात वेळा वाजवल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्यासाठी नाना तासभर वाजवत होते. डबा टाकून तो छातीभर पाण्यात शिरला.

“बाहेर या हो! नकोत मला ते दोन किलोमीटर! मी पोहलोय! परतताना पोटरीत गोळा आला, तेव्हा उताणा पडून राहिलो. बोट आठवली, समुद्र आठवला... तरी नाही घाबरलो. गोळा सुटल्यावर पालथा झालो आणि आलो. मी आलो, नाना!”

धुक्यातून आवाज आला. “कोण म्हणतं?”

“मी म्हणतो!”

“ऐकू न्हाई आलं.”

“मी म्हणतो! मी!” डॉक्टर इतक्या जोरानं ओरडला की काठावरचे बगळे उडाले.

मग पांढऱ्यातून एक टक्कल हळूहळू पुढं आलं. नाना फार लांब गेलेच नव्हते.

डॉक्टरनं त्यांना धरून काठावर आणलं. आपला टॉवेल त्यांच्याभोवती गुंडाळला, खाली बसून त्यांचे तळपाय खसाखसा चोळले. चोळता चोळता तोंड चालूच होतं. वय काय, थंडी काय, काही झालं असतं म्हणजे घरी काकूंना मी काय तोंड दाखवलं असतं. बोलता बोलता तो रडायला लागला आणि रडता रडता हसायला. नाना निमूट चोळून घेत होते. त्यांना बरं वाटत होतं, आणि ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

थर्मासमधला चहा दोघांनी एकाच झाकणातून प्यायला.

“आज सायकल राहू दे,” डॉक्टर आपणहून म्हणाला. “तुम्हाला घरी सोडतो.”

नानांनी मान हलवली. मग आठवल्यासारखा डावा हात पुढं केला.

“माझे किती भरले, बघ बरं.”

डॉक्टरनं घड्याळ पाहिलं.

“सव्वीस मीटर.”

“सव्वीस...?”

नानांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

“साठ वर्षं पाण्यात हाय रे मी. मला वाटलं, जरा जास्त भरतील.”