कणीक म्हणाली, एक घर कमी

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात नाताळची कणीक काही केल्या फुगेचना!

त्या गावाची रीतच होती, बरं का. नाताळच्या आदल्या दिवशी घरटी एक मूठ पीठ यायचं. येशूच्या देवळापुढच्या हंड्यात पडायचं. त्यात ताडी घालून कणीक मळायची, ती टम्म वर आली की गोल गोल फुगे तळायचे. यंदा मळायचा मान कातरीनचा. तापट पोरगी, पण मनगटात जोर!

तिने कणीक मळली, झाकली. तर आतून आवाज, "एक घर कमी!"

"ताडी वाढव," इनासआजा म्हणाला. तो गावातला सगळ्यात म्हातारा.

"ताडी काय करणार, आजा? बस्त्यावदादाचं घर कमी आहे!" कातरीन म्हणाली.

हा बस्त्याव टेकडीवरचा दिवा सांभाळायचा. गेल्या साली त्याला झोप लागली, दिवा विझला, आणि कातरीनच्या बाबांची होडी खडकावर आपटली. बाबांचा पाय कायमचा अधू झाला. मग गावाने बस्त्यावला खाडीपलीकडे हाकललं. तेव्हा सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं होतं? कातरीनच! तेव्हापासून दिवाही तीच लावायची.

मग ती खाडीपलीकडे गेली. तोंड फिरवूनच मूठभर पीठ मागितलं, आणून हंड्यात टाकलं. कणीक म्हणाली, "पीठ आलं, माणूस कुठाय?"

मग ती परत धावली.

"चल!"

"गाव मारेल मला, बाय."

"मी आहे ना! चल म्हणते ना!"

तो आला. इनासआजाने काठी आडवी धरली.

"आजा, रोज संध्याकाळी गुडघे टेकून देवाकडे माफी मागता, आणि काठी कुणाला दाखवता?" कातरीन म्हणाली.

काठी खाली आली. कणीक जराशी हलली. म्हणाली, "माणूस आला, त्याचं काम कुठाय?"

कातरीनने समुद्राकडे पाहिलं. सूर्य बुडत होता, धुकं उतरत होतं. आणि बाबा नाताळची मासळी आणायला समुद्रात गेले होते!

"दिवा नको, पोरी!" आजा ओरडला. "त्याला लाकडं फोडू दे, पाणी भरू दे!"

"येशूचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. मग प्रभूने आपली मेंढरं कुणावर सोपवली? त्याच्यावरच ना?"

तिने तेलाचा डबा आणि काडेपेटी बस्त्यावच्या हातात दिली. "दादा, बाबा बाहेर आहेत," एवढंच म्हणाली.

तो टेकडीकडे पळत सुटला. कातरीनला राहवेना, मागोमाग जाऊन बघावंसं वाटलं. एकदा उठली, बसली. दुसऱ्यांदा उठली, बसली. तिसऱ्यांदा उठली, टेकडीकडे पाठ केली, पदर खोचला आणि चुलीवर कढई चढवली.

आणि धडाम! झाकण उडालं! कणीक हंड्याबाहेर आली, पायऱ्यांवरून उतरली, कोंबड्या ओरडत पळाल्या! तिकडे टेकडीवर लख्ख उजेड पडला, आणि धुक्यातून एकामागून एक होड्या आल्या!

बाबा लंगडत वर आले. "आज दिवा कुणी लावला गं? किती झगझगीत!"

"ज्याचा आहे त्याने."

बाबांनी कढईतला पहिला गरम फुगा उचलला आणि तसेच लंगडत टेकडी चढू लागले, बस्त्यावला द्यायला.

मग सगळं गाव पोटभर जेवलं, सुखाने राहिलं. दिवा पुन्हा कधी विझला नाही.

आणि दुपारपासून एकमेकांवर रुसलेले दोघे कोण रे? चला, एकाच गोधडीत शिरा. हं. मिटा डोळे.