ओळीच्या टोकाचा एंटर

एकदा एका छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या वृद्ध जोगळेकर मास्तरांकडे कुमुदिनी नावाची शिष्या काम शिकत होती. वीस वर्षं टाइपरायटरवर काढलेली बाई. तिथे ओळ भरत आली की घंटी वाजे आणि हात आपसूक दांडी ओढून नवी ओळ सुरू करी. संगणकावर घंटी नव्हती, पण हाताची खोड गेली नव्हती. प्रत्येक ओळीच्या टोकाला ती एंटर दाबीच.

तिचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे एका नव्वदीतल्या शिक्षिकेच्या आठवणी. दोनशे पानं! ओळी अशा रेखीव की दृष्ट लागावी. मास्तरांनी पानं पाहिली, "सुरेख" म्हणाले आणि संगणकावर अक्षरांचा आकार दीडपट केला.

क्षणात पानांचा पार विचका झाला. एक ओळ भरलेली, पुढच्या ओळीत तीन-चारच शब्द. पुन्हा भरलेली, पुन्हा तुटकी. कुमुदिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मास्तर, चांगलं होतं ते का मोडलंत?"

"सकाळीच त्या शिक्षिकाबाईंचा निरोप आला. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः वाचायचंय." मास्तर शेजारी बसले. "ओळ कुठे वळावी हे पानाच्या रुंदीवर सोडावं, कुमुदताई. पान किंवा अक्षराचा आकार बदलला की ती आपली आपण वळते. एंटर द्यायचा तो विचार संपतो तिथे. तुम्ही एका पानापुरता नीटनेटकेपणा कायमचा करून टाकलात. आता त्याचीच अडचण झाली."

"मग सगळे एंटर एकदम काढते. यंत्र चुटकीसरशी काढील."

"काढील. पण तुम्ही वाचून एकेक काढा."

ती मनातून धुसफुसली, तरी बसली. एंटर निघत गेले तशा ओळी मोठ्या अक्षरांतही भरून वाहू लागल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी एका पानावर निरोपाची कविता आली. शाळेतल्या मुलींनी बाईंसाठी रचलेली, चारच ओळींची. कुमुदिनीचं बोट एंटर काढायला पुढे झालं आणि थबकलं. तिने ओळी हलक्या आवाजात म्हणून पाहिल्या. मुली जिथे श्वास घेत असतील, तिथेच ओळ संपत होती.

ते एंटर तिने तसेच राहू दिले. एकेक वाचायला का सांगितलं, हे तिला मास्तरांना विचारावं लागलं नाही.

आपणही कुठे थांबा घालण्याआधी एवढं पाहावं, तो अर्थाने मागितला आहे की केवळ आजच्या जागेने.