सर्व्हरची बढती

साताऱ्याजवळच्या एका पंप कारखान्यात खटावकर मॅनेजर झाले आणि दुपारी सगळ्यांबरोबर डबा खाणं त्यांनी सोडलं. आता केबिनचं दार लावून जेवायचे.

एके दिवशी त्यांनी हुकूम सोडला, "तो इंट्रानेटचा सर्व्हर नुसता बसून असतो. त्यालाच मुख्य करा. कारखान्याच्या नेटवर्कमध्ये कुणाला आत घ्यायचं, ते तोच ठरवेल."

संगणक विभागाची तनुजा म्हणाली, "आधी जरा तयारी करू, साहेब." ऐकतो कोण! दुसऱ्या दिवशी सकाळी इंट्रानेट ठप्प. रजेचे अर्ज, कामाचे आदेश, सगळं अडकलं.

साहेबांनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "मशीन तेच, माणसं तीच. नुसती बढती दिली तर बिघडलं काय? एका वाक्यात सांगा, नाहीतर मेमो काढतो!"

तनुजा शांतपणे म्हणाली, "साहेब, बढती मिळाल्यापासून तो जुन्या माणसांना ओळखत नाही."

सगळ्यांना एकदम खोकला आला.

साहेबांनी चष्मा पुसला. "मग... उपाय?"

"सोपा आहे. जुन्यांची पुन्हा ओळख करून द्यायची."

इंट्रानेट सुरू व्हायला संध्याकाळ उजाडली. साहेब मात्र दुपारीच डबा घेऊन आले.

तनुजा सरकून जागा देत म्हणाली, "बसा साहेब. सर्व्हरला अजून वेळ लागेल, तो तुमच्याइतका हुशार नाही."