पाझरणारा दगड

दगड बोलायचे आणि माणसं हात जोडायची, पण ऐकायची मात्र नाहीत, त्या काळची ही गोष्ट. भागूबाईंच्या घराच्या पायातल्या काळ्या दगडाला चीर पडली आणि तिच्यातून पाणी झिरपू लागलं.

"चुना भरा रे, घर खचेल!" दगड ओरडला.

भागूबाईंना ओल तेवढी दिसली. "अगं बाई, देव पाझरला!" म्हणत त्यांनी त्याला शेंदूर फासला आणि रोज सकाळी त्याच्यावर घागरभर पाणी ओतायला लागल्या. घागर दिसली की दगड पुन्हा चुना मागायचा.

चीर पाहून धाकलू गवंडी चुना कालवून आला. "देवाला थापी लावतोस?" म्हणून बाईंनी त्याला हाकललं.

श्रावणात घर कोसळलं. ढिगाऱ्यात दगडाचे दोन तुकडे सापडले.

"देव कोपला," भागूबाई कपाळ बडवत म्हणाल्या. "पाणी कमी पडलं."