कबुतरी मालावरचा कर

"पेटीत काय निघालं?" राजा धुंडिराजानं विचारलं.

"पाल, महाराज," प्रधान त्र्यंबकपंत म्हणाले.

"आणि कर?"

"कर नाही. पालही काही न भरताच पळाली."

राजाचा संताप संताप झाला! चंद्रकोटच्या बाजारात काहीही घ्या, दुकानदार किमतीबरोबर राजाचा कर वसूल करी. पण लोकांनी नवीच युक्ती काढली होती. घरबसल्या चिठ्ठी लिहायची, कबुतरं पाळणाऱ्या येसूबाईकडच्या कबुतराच्या पायाला बांधायची आणि दूरच्या मोतीबंदरहून माल मागवायचा. आठवडाभरात गाठोडं नावेतून घाटावर हजर! गाठोड्यावर नाव नाही, नुसती खूण. ज्याची खूण असेल तो डोक्यावरून घोंगडी ओढून यायचा आणि गाठोडं घेऊन पसार व्हायचा. अशा मालावरचा कर ज्याचा त्यानं चावडीवरच्या पेटीत आणून टाकावा, अशी दवंडी राजानं पिटली होती. पेटीत निघाली पाल.

"आम्ही बुडालो, महाराज!" नगरशेठ मोरशेट गळा काढून म्हणाला. "आम्ही कर घेतो म्हणून आमचा माल महाग. मोतीबंदरवाले घेत नाहीत म्हणून त्यांचा स्वस्त. पकडा त्या चोरांना!"

राजानं येसूला बोलावून घेतलं.

"कोण कोण माल मागवतं, ते तुला ठाऊक आहे. नावं सांग!"

"नाही सांगणार, महाराज."

दरबारात कोणाला तरी उचकी लागली.

"लोक माझ्यावर विश्वासानं चिठ्ठ्या सोपवतात," येसू म्हणाली. "मी तोंड उघडलं, तर उद्या माझ्याकडे कोण येईल?"

"नाही उघडलंस, तर तुझ्या सगळ्या कबुतरांचा पुलाव करीन! वर तळलेला कांदा घालून!"

येसूचा चेहरा उतरला. कबुतरांची ढाबळ तिच्या नवऱ्यानं बांधली होती. तो गेल्यापासून घरात आवाज होता तो काय त्या कबुतरांचाच.

 मग ती म्हणाली, "महाराज, एकही नाव न घेता, कोणाच्या घराची झडती न घेता सगळे चोर तुमच्यासमोर उभे केले तर?"

"तर पुलाव रद्द! पण तोवर एक शब्द जरी बोललीस, तरी चूल पेटलीच म्हणून समज."

"कबूल. आता बोलायची मुभा आहे तोवर एवढंच मागते. परवा दसरा. यंदा सीमोल्लंघनाला हत्ती, घोडे, पालख्या नकोत. राजापासून रंकापर्यंत सगळ्यांनी सणासाठी आणून ठेवलेले नवे कपडे, नवे जोडे घालून वेशीपर्यंत पायी चालायचं."

"एवढंच? दिलं!"

दसऱ्याला मिरवणूक निघाली. सर्वांत पुढे राजा, मागे दरबारी, त्यांच्या मागे सारं गाव. येसू ओठ घट्ट मिटून राजाच्या शेजारून चालत होती.

वेशीजवळ पोचता पोचता मागे धप्पकन आवाज झाला. राजानं वळून पाहिलं. त्र्यंबकपंतांची नवी पगडी घसरून हनुवटीपर्यंत आली होती आणि ते आपट्याच्या झाडाला मिठी मारून उभे होते.

"क्षमा असावी, सेनापती!" ते झाडाला म्हणत होते.

खरे सेनापती मागे बदकासारखे फेंगडत येत होते. त्यांच्या सुरवारीत ते कसेबसे मावले होते, पण श्वास मावत नव्हता. त्यांच्या मागे मोरशेट! अंगरख्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. आपट्याचं पान द्यायला त्यानं हात पुढे केला, तर हात काही बाहेर येईना.

"मोरशेट, तूसुद्धा?" राजा ओरडला.

"महाराज, मी... नुसतं बघायला मागवलं होतं! शत्रूचा माल कसा असतो ते!"

राजा पोट धरून हसू लागला. "आता कळलं! गावचा शिंपी अंगाला दोरी लावून माप घेतो, मग शिवतो. कबुतराच्या पायाला बांधायची चिठ्ठी बोटाएवढी, तिच्यात माप काय डोंबल लिहिणार! पंत, तुम्ही काय लिहिलंत?"

"'डोकं मोठं आहे,'" पगडीतून आवाज आला.

"शिपायांनो! ज्याचे कपडे अंगावर बसत नाहीत, त्याच्याकडून कर घ्या! येसू, आता कोणी राहिलं का गं?"

येसू बोलली नाही. तिनं आपल्या पायातल्या जुन्या, मऊ वहाणा काढल्या आणि हळूच राजाच्या पावलांपुढे ठेवल्या.

सगळ्यांनी खाली पाहिलं. राजानंही पाहिलं. सोनेरी मोजड्यांतून त्याच्या टाचा चार बोटं बाहेर आल्या होत्या आणि टोमॅटोसारख्या लाल झाल्या होत्या. वाड्यापासून इथवर तो चवड्यांवर चालत आला होता!

"'पावलं नाजूक आहेत' असं लिहिलं होतं," राजा पुटपुटला. मग एकदम ताठ झाला. "पण माझा कर मी कोणाला देऊ? राजानं राजाला? या थैलीतून काढायचा आणि त्या थैलीत टाकायचा! त्यात काय अर्थ? बोल, आता तुला बोलायची मुभा आहे!"

येसूनं दोन दिवसांचा श्वास सोडला.

"जरूर टाका, महाराज. फक्त या थैलीतून त्या थैलीत जाताना वाट माझ्या ढाबळीवरून जाऊ द्या. वाटेत चार दाणे सांडले, तर कबुतरं टिपतील."

राजा इतका हसला, की मोजड्या पायांतून उडाल्या; एक सेनापतींना लागली, एक झाडाला. येसूच्या वहाणा पायांत सरकवून तो म्हणाला, "पंत, झाडाला सोडा आणि लिहून घ्या! आजपासून राजाच्या कबुतरी खरेदीचा कर ज्वारीच्या पोत्यांनी येसूच्या ढाबळीवर भरला जाईल. आणि येसू, या वहाणा मी देणार नाही. फार छान बसल्या. त्यांच्या बदल्यात काय हवं ते माग!"

"नवीन वहाणा द्या, महाराज," येसू म्हणाली. "पण गावच्या चांभाराकडच्या. माप द्यायला मी स्वतः जाईन!"